शांतवनची पहिली पोळी

शांतवन,

तुझ्या मयताला जेवढी मानसं आली तेवढी माझ्या लग्नालाबी नव्हती. हे पयलंच सांगून टाकतो, म्हंजे पुढचं बोलायला जीव मोकळा. तुझी पेटी उचलायला मी पुढं घुसलो तर मला जागाच मिळंना. एका बाजूला बॉयलरवरची मंडळी, दुसऱ्या बाजूला तुझ्या येशूच्या देवळातली, मधी तुझे नगरचे भाऊबंद. शेवटी कुनीतरी तुझी सायकल माझ्या हातात दिली, म्हनला, धोंडिबा, ही घेऊन मागनं ये. फाटकापाशी पायडल माझ्या धोतरात अडकलं आन् मी सायकलीसकट पडलो. लोकं रडत व्हती ती माझ्याकडं बघून हसली. गेल्यावरबी पुढं तूच आन् मागं मीच.

हे मी बोलतोय आन् आमच्या स्टोअरातले कारकून लिहून घेतायत. त्येंला सांगितलंय, सुधरू नका. तू मिशनच्या शाळेत चार यत्ता शिकलेला. सुधरलेलं ऐकलंस तर म्हनशील, हे धोंडीचं न्हाई.

खरं सांगू का? मी तुझ्यावर जळायचो. आता तू न्हाईस तर लपवायचं कुनापासनं? तुझ्या बोलन्यावर जळायचो. तू 'नाही' म्हनायचास आन् साहेब ऐकायचा, मी 'न्हाई' म्हनायचो आन् साहेब माझ्या मागं कोन उभं हाय ते बघायचा. तुझ्या नोकरीवर जळायचो. आपन दोघं एकाच कारखान्यात, एकाच भोंग्याला जायचो, पन तू बॉयलरवर आन् मी स्टोअरात पिंपं ढकलनारा. तुला नुसत्या हाताच्या तळव्यानं आच कळायची. मला चटका बसल्यावर कळायची. पन हे सगळं मी सोसलं असतं राव. सोसली न्हाई ती तुझी सांज्याची पोळी.

तू आमच्या मळ्याच्या कडंच्या चाळीत राह्यला आलास ते पयलं वरीस. आमच्या दारात उभं राह्यलं की तुझी चूल समोर दिसायची. एक दिस पहाटं मी म्हशीला वैरन टाकायला उठलो. बघतो तर दारावर बांबूच्या कामट्यांची चांदनी टांगलेली, आत चुलीपुढं तू, अंगात बंडी, हातात लाटनं. आन् मार्थावैनी पाटावर बसून निवांत च्या पितायत. मला वाटलं वैनी आजारी. हौसाला उठवलं, म्हनलं, अगं शेजारची बाई अंथरुनाला खिळली दिसती. हौसा म्हनली, 'अंथरुनाला खिळलेली बाई केसात फूल माळंल का? जाऊन बघा तरी.'

नुसतं कसं जायचं? दाराच्या कडंला फुटकं कौल पडलं व्हतं ते उचललं आन् तुझ्या दारात येऊन म्हनलं, आमची चूल विझली, वाईच विस्तव द्या. आमची चूल धडधडा पेटली व्हती, तिचा धूर माझ्या मागं आभाळात चालला व्हता. तू तो बघितलास. कौलावर निखारे घातलेस आन् दुसऱ्या हातावर तव्यावरची गरम पोळी ठिवलीस, वर तुपाची धार.

मंग तू रीत सांगितलीस. नाताळाच्या सकाळी तुमच्यात बाईनं चुलीला हात लावायचा न्हाई. गड्यानं चूल पेटवायची, गड्यानंच पोळ्या करायच्या आन् बाईला बसून खायला घालायचं. आन् पयली पोळी घरात कुनी खायची न्हाई. त्या सकाळी दाराशी जो पयला येईल त्येची. तुझा आजा दुष्काळात पोटापायी गाव सोडून फिरत व्हता, तवा असल्याच एका सकाळी कुना अनोळखी बाईनं चुलीवरनं उतरलेली पयली भाकर त्येच्या हातावर ठिवली. तवापासनं ही रीत.

मी ती पोळी उंबऱ्याच्या भायेर उभ्यानंच खाल्ली. आत ये म्हनालास तर म्हनलं, विस्तव निवंल. खरं कारन तुलाबी ठावं व्हतं. आमच्या गावात कुनाच्या हातचं कुनी खायचं याची लई काटेकोर वही व्हती, आन् ती वही आमच्या आईच्या डोक्यात व्हती. तोंड पुसून, मिशीवरचं तूप धोतराला पुसून मी घरी गेलो. आईनं एकदा बघितलं आन् म्हनली, 'विस्तवाला वेलदोड्याचा वास कसा रं?'

तर अशी ती पोळी. मी काय खाल्लं न्हाई व्हय जन्मात? आमच्यात पुरनपोळी हुती, सनासुदीला गुळवनी हुती. पन तुझ्या पोळीचा काठ मधल्यापेक्षा जाड नसायचा. सांजा कडंपर्यंत गेलेला, कुठं गाठ न्हाई, कुठं फाटलेलं न्हाई, आन् तोंडात घातली की गूळ आधी लागायचा आन् तूप नंतर. तू इचारलंस, कशी झालीय? मी घास गिळला आन् म्हनलं, 'बरी हाय.'

पाच नाताळ मी तुझ्या दारात खाल्ली. पाची वर्सं तू तेच इचारलंस आन् पाची वर्सं मी तेच म्हनलं. बरी हाय. यापरीस जास्ती शबूद माझ्या तोंडातनं निघाला न्हाई. म्हशीला म्या यापरीस जास्ती चांगलं म्हनलंय.

आता का निघाला न्हाई ते सांगतो. दुसऱ्या वर्सापासनं हौसा बी यायला लागली. ती सरळ आत. आई काय म्हनंल, गाव काय म्हनंल, तिनं बघितलं न्हाई. मार्थावैनीच्या शेजारी पाटावर बसायची, दोन पोळ्या खायची, वर च्या. मी भायेर कौल धरून उभा. आतनं तिचा आवाज यायचा, 'भाऊ, काय झालीय वो पोळी, कापसावानी.' सोळा वर्सं ती माझ्या घरात नांदत व्हती शांतवन. सोळा वर्सांत माझ्या कुठल्याच गोष्टीला तिनं कापूस म्हनलं नव्हतं. घरी आली की भांडी घासताना म्हनायची, मानूस असावा तर तसा. मी इचारायचो, तसा म्हंजे कसा? ती म्हनायची, तुमाला न्हाई कळायचं, तुमी विस्तव घेऊन या.

आने जाऊन नवे पैसे आले त्या वर्सी मी ठरवलं, याला दाखवायचंच. संक्रांतीला हौसा म्हायेरी गेली व्हती. मी दार लावून घेतलं, रवा भाजला, गुळाच्या पान्यात शिजवला, कनिक मळली. सगळं तू करताना लांबनं बघितलंच व्हतं की. पन तू सांजा निवू द्यायचास हे मला कुठं दिसलं? उंबऱ्याच्या भायेरनं निम्मीच पोळी दिसती. मी कढत सांजा घट्ट कनकेत भरला आन् लाटनं फिरवलं. पयली फाटली. दुसरी फाटली. तिसरीतनं गूळ तव्यावर सांडला आन् असा धूर झाला की शेजारचे बादली घेऊन आले. म्हनलं, मशेरी भाजतोय. तवा खरवडायला कुदळीचं पान लागलं. त्या सगळ्या तुकड्यांचा ढीग म्हशीपुढं टाकला. म्हशीनं वास घेतला, माझ्याकडं बघितलं आन् तोंड फिरवलं.

तुला मातर मी सांगितलं की वीस पोळ्या केल्या, एकबी फाटली न्हाई. तू म्हनलास, वा. मला काय ठावं की हौसानं म्हायेरनं येऊन गोठ्यातला एक तुकडा फडक्यात बांधून मार्थावैनीला दाखवायला नेला व्हता. तुमी तिघं किती हसला असशीला ते मला मागनं कळलं. पन तू माझ्या तोंडावर एकदाबी हसला न्हाईस. उलट महिन्याभरानं नुसतं म्हनलास, 'धोंडीराव, सांजा आणि कणीक एकसारखी मऊ पाहिजे बघ. एक जरी ताठ राहिली तर दुसरीला फाडते. ये एकदा, दाखवतो.'

इथं मी बोलायला नको ते बोललो. आपन कँटीनात व्हतो, धा-बारा मानसं व्हती. शिकायला आलो असतो तर काय बिघडलं असतं? पन मानसं बघितली की माझ्या जिभेला चेव येतो. मी म्हनलं, बायकांची कामं आमच्यात गडी करत न्हाईत बाबा. हा आमचा शांतवन नाताळाला बायको व्हतो. सगळी हसली. मीच सगळ्यात जोरात हसलो. तूबी हसलास. मंग कप खाली ठिवून म्हनलास,

'एक सकाळ होतो, धोंडीराव. ती बाकीच्या सगळ्या सकाळी असते.'

कुनी हसलं न्हाई. मी बी न्हाई. त्या बोलन्याचं उत्तर मी तवापासनं शोधतोय. पिंप ढकलताना शोधतो, म्हशीचं शेन काढताना शोधतो. घावलं असतं तर तुला लगेच येऊन सांगितलं असतं. माफी मागायचं मनात नव्हतं, उत्तर शोधायचं मनात व्हतं, असला मी दीडशहाना. आता उत्तर बी न्हाई आन् माफी बी मागायची राह्यली.

आन् ते पापडवाल्याचं भांडान तर अर्धंच राह्यलं. गेल्या नाताळाला मी जरा उशिरा उठलो. कौल घेऊन आलो तर तुझ्या उंबऱ्यावर सिंधी कॅम्पातला म्हातारा पापडवाला उभा, डोक्यावर टोपली, हातात माझी पोळी. माझी म्हंजे पयली. वाट चुकून चाळीत शिरला व्हता बिचारा, त्येला नाताळ म्हंजे काय ठावं नव्हतं. त्येच्या डोळ्यात पानी आलं व्हतं, काय तरी त्येच्या भाषेत पुटपुटत व्हता. आन् मी काय करावं? मी त्येच्या पोळीकडं बघत व्हतो, किती खाल्ली, किती राह्यली. मला तू दुसरी दिलीस. तीच कनिक, तोच सांजा, तेच तूप. पन मला ती गोड लागंना.

मी म्हनलं, चार वर्सं पयली माझी व्हती. तू म्हनलास, पहिली पोळी घ्यायला येणाऱ्याची नाही, चुकून येणाऱ्याची. मी म्हनलं, मी काय पोळी मागायला येतो व्हय, मी विस्तव मागायला येतो. तू माझ्या खांद्यावरनं आमच्या धुराड्याकडं बघितलंस. लई वेळ बघितलंस. मी तीन आठवडे तुझ्याशी बोललो न्हाई. भोंगा झाला की दुसऱ्या पांदीनं कामाला जायचो, लांब पडायची तरी. पायाला फोड आला. हौसानं त्यावर हळद लावली आन् म्हनली, 'पापडवाल्यावर जळनारा मानूस म्या पयल्यांदा बघितला.'

मंग आपन पुन्यांदा बोलायला लागलो, पन ते भांडान तसंच टांगलेलं राह्यलं. तू म्हनायचास, यंदाच्या नाताळाला बघू कोण पहिला येतो. मी म्हनायचो, बघूच. आन् तू नाताळाच्या आधीच चाललास. दुपारच्या पाळीला गेलास, छातीत कळ आली म्हनून बाकावर बसलास ते बसलासच. असं कुनी भांडान सोडून जातं का रं?

तू गेल्यावर दहाव्या-बाराव्या दिशी हौसा वैनीकडनं आली. म्हनली, वैनी यंदा चूल पेटवनार न्हाईत. लेक लांब सासरी, बाळंतपनात अडकलेली. घरात गडी मानूस न्हाई. वैनी म्हनल्या, 'त्या सकाळी मी चुलीला हात लावणार नाही. त्यांनी आयुष्यभर पाळलं ते मी मोडू कशी? उपाशीच देवळात जाईन.' एवढं सांगून हौसा माझ्याकडं बघत राह्यली. मी म्हशीकडं बघत राह्यलो.

आता जे सांगतो ते हौसालाबी सांगितलं न्हाई. कारकुनाला म्हनलं, हे लिवताना मान वर करू नका. चूल पेटनार न्हाई ऐकल्यावर माझ्या मनात पयलं काय आलं? बरं झालं. एक तरी नाताळ असा जाईल की माझी बायको दुसऱ्या कुनाच्या पोळीला कापूस म्हननार न्हाई. डोळ्याचं पातं लवंपर्यंतच आलं, पन आलं. मेलेल्या मानसावर जळलो शांतवन, आन् त्येच्या थंड चुलीवर खूश झालो. यापरीस खालची पायरी असंल तर ती अजून कुनी बांधली न्हाई.

काल नाताळ व्हता.

पहाटं जाग आली, पाय आपसूक चालाय लागले. मी काय ठरवून निघालो न्हाई, येशूची आन, नको, तुझीच आन. दाराकडंचं कौल उचललं, तुझ्या दाराशी आलो आन् खाकरलो. दारावर चांदनी नव्हती. आत अंधार. वैनींनी दार उघडलं. माझ्या तोंडातनं निघून गेलं, आमची चूल विझली, वाईच विस्तव द्या.

वैनींनी कौलाकडं बघितलं. म्हनल्या, 'विस्तव नाही हो धोंडीभाऊ. आज आमचीच विझलीय.'

मी मोकळं कौल धरून उभा. पाच वर्सं खोटं बोलून विस्तव नेला, आन् आज त्या खरं बोलल्या तर मला तोंड वर करवंना. म्हनलं, थांबा वाईच. तसाच माघारी आलो. हौसा आमच्या चुलीपुढं बसली व्हती. मी चिमट्यानं निखारे उचलून कौलावर ठिवायला लागलो. ती म्हनली, 'आज विझली न्हाई वाटतं आपली.' मी कौल उचललं. कौल तापलं, हाताला चटके बसाय लागले, वारं सुटलेलं, निम्म्या वाटंत दोन निखारे धोतरावर पडले. नाचत नाचत तुझ्या दारात आलो.

आन् उंबऱ्यापाशी पाय थांबले. पाच वर्सांची सवय. आत म्हंजे वैनी उभ्या, तुझी चूल दिसतीय, तुझं लाटनं भिंतीला लटकलंय. कौल हाताला सोसंना. उंबरा वलांडला तो शहानपनानं न्हाई शांतवन, चटक्यानं वलांडला. तसंच लिहून घ्या म्हनलं कारकुनाला.

वैनींना म्हनलं, तुमी पाटावर बसा. त्या बसल्या. म्हनल्या, रवा त्या डब्यात आहे, त्यांनीच दिवाळीच्या आधी आणून ठेवलाय. मी चूल पेटवली. रवा भाजला. सांजा केला आन् ताटात पसरून निवायला ठिवला. त्यो निवंपर्यंत तुझ्या पाटावर बसून राह्यलो, कनिक दाबून बघायची, सांजा दाबून बघायचा, परत कनिक. दोन्ही एकसारखं मऊ वाटलं तवा लाटायला घेतली.

पयली फाटली. पन जास्ती न्हाई, एका कडंला. नकाशावानी झाली, पन तव्यावरनं एका तुकड्यात उतरली. तिच्यावर तूप घातलं आन् दाराकडं बघितलं. दाराशी कुनीच न्हवतं. पापडवाल्याची वाट बघितली, खरंच बघितली. मंग वैनी म्हनल्या,

'बघता काय? आज दाराशी पहिले तुम्हीच आलात. आणि आज चुकून आलात.'

त्या तुझ्याच बोलीत बोलल्या. माझ्या हातावर माझीच फाटकी पोळी ठिवली. पाच वर्सं जिच्यापायी जीव टाकला ती पयली पोळी मला हक्कानं मिळाली, आन् ती केली कुनी तर म्या. खाल्ली. काठ जाड, मधी सांजा कच्चा, गूळ लई.

मंग हौसा आली. रोजच्यावानी आत गेली, वैनीशेजारी पाटावर बसली. आजवर तिला बसून कधी खायला घातलं न्हवतं मी. ताट पुढं केलं. तिनं तुकडा मोडला, तुपात बुडवला, तोंडात घातला. मी चुलीपुढं लाटनं धरून बसलेला, माझा जीव तिच्या जबड्यासंगं वर-खाली. तिनं सावकाश चावलं. दुसरा तुकडा घेतला. त्योबी चावला. शेवटी माझ्यानं राहवंना. म्हनलं, कशी झालीय?

हौसा वैनीकडं बघून म्हनली, 'बरी हाय.'

शांतवन, पाच वर्सं तू एवढ्यावर कशी लाटलीस रं पुढची पोळी?

लई चांगली व्हती तुझी. पयली बी आन् त्या पापडवाल्याच्या मागनं मिळालेली दुसरी बी. कापसावानी.